ब्यूफर्टच्या घरांचे मालक

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यात, जेथे अटलांटिकची भरती खाड्यांतून आत शिरून जमिनीची असंख्य बेटे करून सोडते, तेथे ब्यूफर्ट नावाचे गाव आहे. 1711 साली वसलेले आणि आजही जेमतेम तेरा-चौदा हजार वस्तीचे. नदीच्या वळणात शिरलेल्या त्याच्या पूर्वेकडील भागाला ‘द पॉइंट’ म्हणतात. दक्षिणेतील पुरातन निवासी वस्त्यांची मोजदाद करणारे प्रवासी या भागाचे नाव मोठ्या आदराने घेतात. परंतु त्या आदराचा रोख घरांच्या खांबांकडे आणि व्हरांड्यांकडे असतो, त्यांच्या खरेदीखतांकडे कोणी वळत नाही. माझ्या मते या गावाचा खरा इतिहास त्या कागदांत आहे.

घरे सुंदर आहेत, यात शंका नाही. शिंपले जाळून केलेला चुना, वाळू, पाणी आणि अख्खे शिंपले यांचे मिश्रण साच्यात ठोकून बनविलेल्या ‘टॅबी’च्या उंच जोत्यावर ती उभी आहेत, दक्षिणेचा वारा घरात खेळावा म्हणून दुमजली व्हरांडे त्या दिशेला काढलेले आहेत, आणि सदाहरित ओकवृक्षांवरून करड्या, शेवाळासारख्या जटा अंगणात लोंबत आहेत. त्यांतील ‘टायडलहोम’ हे घर 1983 च्या ‘द बिग चिल’ या चित्रपटामुळे परदेशांतही ओळखले जाते. हे सारे वैभव सी आयलंड कापसाच्या लांब धाग्यावर उभे राहिले, तो कापूस गुलामांनी पिकविला, आणि ज्यांनी घरांची जोती ठोकली त्यांची गणना मालकाच्या मालमत्तेच्या यादीत गुराढोरांसमवेत होत असे.

यादवी युद्धात, 7 नोव्हेंबर 1861 रोजी, उत्तरेच्या आरमाराने पोर्ट रॉयलची खाडी जिंकली आणि गावातील गोरे रहिवासी, काही तर जेवणाची ताटे तशीच टाकून, पळून गेले. मागे राहिले ते गुलाम. आसपासच्या बेटांवर त्यांची संख्या सुमारे दहा हजार होती. त्यानंतर जे घडले त्याचे श्रेय बंदुकीइतकेच महसूल खात्यालाही द्यावे लागेल. काँग्रेसने 1861 साली युद्धखर्चासाठी जमिनीवर थेट कर बसविला होता. जून 1862 च्या कायद्याने बंडखोर मुलखातही तो वसूल करण्याची, आणि थकल्यास जमीन सरकारजमा करून लिलावात काढण्याची तजवीज झाली. पळालेले जमीनदार कर भरावयास येणार कोठून? मार्च 1863 मध्ये ब्यूफर्टला लिलाव पुकारले गेले, आणि ज्यांची स्वतःचीच किंमत कालपरवापर्यंत केली जात होती, त्यांतील काहींनी घरांना आणि भूखंडांना बोली लावली.

रॉबर्ट स्मॉल्स यांचा जन्म 1839 साली प्रिन्स स्ट्रीटवरील एका घरामागच्या खोलीत झाला. त्यांची आई लिडिया त्या घरातील मॅकी कुटुंबाची गुलाम होती. पुढे चार्ल्सटनच्या बंदरात बंडखोरांच्या ‘प्लँटर’ नावाच्या आगबोटीवर सुकाणू धरणाऱ्या स्मॉल्स यांनी, गोरे अधिकारी रात्री किनाऱ्यावर उतरले असता, 13 मे 1862 च्या पहाटे पत्नी, मुले आणि सोबती यांसह ती बोट किल्ल्यांच्या तोफांखालून, योग्य त्या शिट्या वाजवीत, बाहेर काढली आणि उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. काँग्रेसने दिलेल्या बक्षिसामुळे हाती पैसा आला, आणि कराच्या लिलावात स्मॉल्स यांनी प्रिन्स स्ट्रीटवरील तेच घर विकत घेतले. ज्या घराच्या मागल्या दारी आई राबली, त्याच्या पुढल्या दाराने ती मुलाच्या घरात राहावयास आली.

मॅकींनी ते घर युद्धापूर्वीच डी ट्रेव्हिल यांना विकलेले होते. युद्ध संपल्यावर डी ट्रेव्हिल यांनी, कराचा लिलाव बेकायदा होता असे म्हणून, स्मॉल्स यांच्यावर दावा लावला. प्रश्न एका घराचा राहिला नाही. स्मॉल्स हरते तर लिलावात घेतलेल्या प्रत्येक मिळकतीचा हक्कलेख डळमळीत झाला असता. 1878 साली सर्वोच्च न्यायालयाने लिलाव वैध ठरविला आणि स्मॉल्स यांचा कब्जा कायम केला. गावात मात्र दुसरी कथा अधिक आवडीने सांगतात: वार्धक्याने भ्रमिष्ट झालेल्या मॅकी कुटुंबातील जुन्या मालकीणबाई एके दिवशी आपलेच घर समजून आत शिरल्या, आणि स्मॉल्स यांनी त्यांना त्यांची खोली देऊन सांभाळले. कथा खरी असेलही, आणि तीत मनाचे औदार्य आहे; तरी ज्याने न्यायालयात हक्क सिद्ध केला त्याची स्मृती केवळ क्षमाशीलतेवर तोलावी, हे मला अन्यायाचे वाटते.

कारण बाकी सर्व हक्क हिरावले गेले. स्मॉल्स पाच वेळा काँग्रेसवर निवडून गेले होते. परंतु 1895 च्या राज्यघटना परिषदेत कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा मूठभर कृष्णवर्णीय प्रतिनिधींत उभे राहून त्यांनी केलेला प्रतिकार व्यर्थ ठरला. मत गेले, घर राहिले. आणि 1915 साली त्यांनी त्याच घरात देह ठेवला.

1973 साली ब्यूफर्टचा जुना भाग राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाला, पुढच्या वर्षी स्मॉल्स यांचे घरही. आज दर्शनी भागात फेरबदल करावयाचा तर मंडळाची मंजुरी लागते. लाकूड आणि चुना यांचे रक्षण त्यामुळे उत्तम झाले आहे. परंतु गावाच्या वायव्य भागात, जेथे मुक्त झालेल्या कुटुंबांनी आपली लहान घरे बांधली, आणि पलीकडच्या बेटांवरील गल्ला लोकांत, म्हणजे तेथील गुलामांच्या वंशजांत, निराळीच अडचण आहे. कोर्टकचेरीवर विश्वास नसल्याने अनेकांनी मृत्युपत्रे केली नाहीत. दोन-चार पिढ्यांनंतर एकेका मिळकतीत पन्नास-पन्नास अविभक्त वारस झाले, आणि एखाद्या दूरच्या वारसाचा हिस्सा विकत घेऊन बिल्डरने वाटणीचा दावा लावला की सबंध जमीनच लिलावात निघू लागली. दक्षिण कॅरोलिनाने 2016 साली यावर कायदा केला आणि त्याला, आदल्या वर्षी चार्ल्सटनच्या चर्चमध्ये हत्या झालेले पाद्री व राज्य सिनेटर क्लेमेंटा पिंकनी यांचे नाव दिले. आता न्यायालयाने प्रथम मूल्यांकन करावयाचे आणि विक्री मागणाऱ्याचा हिस्सा विकत घेण्याची संधी इतर वारसांना द्यावयाची.

उपाय योग्य आहे, पुरेसा नाही. हिस्सा घेण्यास पैसा लागतो, आणि ज्याच्या नावे स्वच्छ हक्कलेख नाही त्याला बँक कर्ज देत नाही. शिवाय मालमत्ता कर आहेच. तो थकला की काउंटी आजही जमीन लिलावात काढते आणि सोडवून घेण्यास बारा महिन्यांची मुदत देते. काही ठिकाणी वर्गणी काढून अशी थकबाकी भरली जाते. वारसाने मिळालेल्या अशा राहत्या घरांच्या थकबाकीसाठी सरकारी तिजोरीतून स्थायी निधी असावा आणि वारसनोंदीचा खर्चही त्यातूनच व्हावा, असे माझे मत आहे. व्हरांड्याच्या कठड्याची मूळ नक्षी जपण्यास ज्या शासनाला कायदा, मंडळ आणि कारकून मिळतात, त्याला हे अशक्य आहे असे म्हणता येणार नाही.