पाण्याला वाट, वाडीला पायवाट

नवी मुंबईच्या नळाला येणारं पाणी खालापूर तालुक्यातलं आहे. चौक गावाजवळ धावरी नदीवर मोरबे धरण आहे आणि ते नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं आहे. ज्यांच्या जमिनी त्यात गेल्या, त्या धरणग्रस्तांना मात्र हक्कासाठी पुन्हा पुन्हा आंदोलनाला बसावं लागलं. याच जलाशयाच्या वर इर्शाळगड उभा आहे. त्याच्या अंगाखांद्यावर इर्शाळवाडी होती. ठाकूर आदिवासींची वस्ती, सरकारी नोंदीप्रमाणे ४८ कुटुंबं आणि २२८ माणसं.

गडावरचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, बघायला जाणाऱ्या भटक्यांना ही वाडी चांगली ठाऊक होती. पायथ्याच्या नानिवलीकडून दमछाक करणारी चढण चढून वर आलं की चहा इथेच व्हायचा. पिठलं-भाकरी सांगून गडावर जायचं आणि उतरल्यावर सारवलेल्या ओटीवर बसून जेवायचं. शहराशी वाडीचं असं नातं होतं. वाहन जाईल असा रस्ता मात्र नव्हता.

१९ जुलै २०२३च्या रात्री दरड कोसळली. त्याआधीच्या तीन दिवसांत त्या भागात ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले. २३ जुलैला शोधकार्य थांबवण्यात आलं. बरीच मुलं वाचली ती आश्रमशाळेत शिकायला होती म्हणून.

वाट नसणं म्हणजे काय, ते त्या रात्री दिसलं. जेसीबी पायथ्याशीच अडले आणि खराब हवामानामुळे हेलिकॉप्टरचाही उपयोग झाला नाही. एनडीआरएफचे जवान, खोपोलीचे यशवंती हायकर्स, ‘अपघातग्रस्तांच्या मदतीला’ या गटाचे कार्यकर्ते पावसात, निसरड्या वाटेनं चढून गेले आणि कुदळ-फावड्यानं चिखल उपसत राहिले. मदतीला निघालेला अग्निशमन दलाचा एक अधिकारी त्या चढणीवरच हृदयविकारानं गेला. ३० जुलै २०१४ला पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं, तेव्हा ते जगाला कळलं सकाळच्या एसटीच्या चालकामुळे. इर्शाळवाडीला एसटी जातच नव्हती.

दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं, हे सरकारनंच विधानसभेत सांगितलं. खरा प्रश्न इथे सुरू होतो. कर्जत-खालापूरच्या डोंगरांत ठाकूर आणि कातकरी वाड्या विखुरलेल्या आहेत. कागदावर त्यांतल्या अनेक वाड्या कुठल्या तरी मोठ्या गावाचा तुकडा असतात. ग्रामपंचायत खाली, शाळा खाली, दवाखाना खाली. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, त्यामुळे पेसा कायद्यानं मिळणारे ग्रामसभेचे अधिकारही इथल्या आदिवासींना नाहीत.

दुसरीकडे शहर सरकत येतंय. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापुरातून गेला. पनवेल-कर्जत लोहमार्गासाठी डोंगर पोखरून वावर्ल्याचा अडीच किलोमीटरहून लांब बोगदा काढला गेला. नैना नगरनियोजन प्रकल्प आला, बिगरशेती (एनए) प्लॉटच्या पाट्या लागल्या. फार्महाऊस व्हायचं असेल तर त्याच उतारांवर रस्ता आधी पोचतो. तेव्हा डोंगर अडवतो, ही सबब पटत नाही. शहराला हवं ते डोंगरातून खाली आणायला यंत्रणा तत्पर असते. वाडीला हवं ते वर न्यायची वेळ आली की ती थकते.

वनजमीन आड येते म्हणावं, तर २००६च्या वनहक्क कायद्यात वाट आहे. ग्रामसभेच्या शिफारशीनं रस्ता, शाळा, अंगणवाडी, पाणी यांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. अट इतकीच, की हेक्टरी ७५पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. मोजणी न झालेल्या वनवस्तीला महसुली गाव करण्याचीही तरतूद त्यात आहे.

इर्शाळवाडीतली वाचलेली कुटुंबं चौकजवळ कंटेनरमध्ये राहिली. त्यांच्यासाठी सिडकोनं चौक परिसरात ४४ घरं बांधली. घरांसाठी पायथ्याची ही जमीन एवढ्या मृत्यूंनंतर मिळाली. बाकीच्या वाड्यांसाठी अशी जमीन आधीच राखून ठेवायला हवी, कारण पायथ्याचे भाव दरवर्षी चढताहेत. ज्यांना वरच राहायचं आहे, त्यांच्याकडे पावसाळ्याआधी तलाठी आणि भूवैज्ञानिकांनी मिळून चढून जावं. जमिनीला कुठे तडा गेलाय, कुठला झरा अचानक गढूळ झाला, कुठली झाडं कलली, हे वाडीतल्या जाणत्यांना विचारावं आणि लिहून घ्यावं.