यादीत नसलेलं पोर

मेळघाटातली काही कोरकू गावं व्याघ्र प्रकल्पासाठी उठली आणि खाली अकोटच्या काळ्या रानात येऊन वसली. 2008 च्या योजनेत कुटुंबामागे 10 लाख रुपये ठरले. 18 वर्षांवरचा मुलगा वेगळं कुटुंब धरला जाई. आठ वर्षांचं पोर मात्र कुठल्याच हिशेबात नव्हतं. गोष्ट त्या पोराची आहे.

शाळेत ते दाराशी बसायचं. बोलायचं नाही; जेवणाची सुट्टी झाली की डोंगराकडे पळायचं. कोणी दोन धपाटे सुचवले, कोणी चॉकलेट. हेडमास्तरांनी दाराला कडी लावायला लावली. (माणूस वाईट नव्हता, हजेरी त्याला भरावी लागे.) पोर खिडकीतून गेलं.

शेवटी गुरुजी त्याच्या आजीकडे गेले. "जुनं गाव विसर म्हणून रोज सांगतो, ऐकतच नाही."

आजी भाकर थापता थापता म्हणाली, "इसर म्हनू नका गुरुजी. गाव सांग म्हना. सांगून झालं का बसन थो."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या अंगणात ओल्या मातीचा ढीग पडला. "तुझं गाव कसं होतं रे?" पोर ढिम्म. मग वऱ्हाडी पोरांनीच मनानं गाव मांडलं, एक घर इकडे, एक तिकडे. ते काही त्याला पाहवेना. उठलं, सगळं मोडलं, आणि एका सरळ वाटेच्या दोन्ही अंगांना घरं ओळीनं लावली, दारं समोरासमोर. कोरकूंची गावं असतातच तशी.

मग त्यानं एका दारात मातीची कुत्री बसवली. तिचा पुढचा पाय सारखा गळून पडे. एका पोरीनं पऱ्हाटीची काडी मोडून आत खोचली, तेव्हा कुठे तो टिकला.

"हे कोनाची?"

"माही. टेम्पोत जागा नोयती."

शाळेत ऐकू आलेलं त्याचं ते पहिलं वाक्य. गुरुजींनी समजूत घातली नाही. कुत्रीचं नाव तेवढं विचारलं. मग पोर बराच वेळ बोलत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा डोंगराकडे गेलं. मात्र या खेपेला सांगून गेलं, आणि वर्गातले दोघं सोबत घेऊन गेलं. घंटेच्या आधी तिघंही परतले, तर काडीवाली पोरगी दारातच भांडायला उभी. तिला का नेलं नाही?