ताल सुटतो, जोडी सुटत नाही

वसमतच्या शेजारी, औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही वेधशाळा होते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि २६०० कोटींचा खर्च. केंद्राची मंजुरी एप्रिल २०२३ची. गुरुत्वीय लहरी टिपायच्या तर जमिनीचे हादरे अडवावे लागतात, ते जमतंही. पण प्रकाशाची क्वांटम थरथर उरतेच. अमेरिकेतल्या लायगोत ती ४० किलोंचे आरसे हलवते, हे २०२० साली मोजून दाखवलं गेलं.

अशीच थरथर पदार्थाची अवस्थाही पालटते. बर्फ वितळतो तो उष्णतेनं. निरपेक्ष शून्याजवळ उष्णतेचं काही चालत नाही. तरीही तिथं अतिवाहक, म्हणजे रोधाशिवाय वीज वाहू देणारा थर विद्युतरोधक होऊ शकतो. त्यासाठी बदलायची फक्त जाडी, चुंबकीय क्षेत्र किंवा इलेक्ट्रॉनांची दाटी. १९८९ साली मिनेसोटा विद्यापीठात ॲलन गोल्डमन आणि सहकाऱ्यांनी बिस्मथचा थर किंचित-किंचित जाड करत नेला. पातळ असताना थंडी वाढली की रोध वाढे. जाडी जरा वाढताच तो शून्याकडे झेपावे.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रताप रायचौधुरी यांच्या गटानं नायोबियम नायट्राइड निवडलं. त्याचा चांगला थर सुमारे १६ केल्विनला अतिवाहक होतो. अणूंच्या मांडणीत गोंधळ वाढवला की हे तापमान घसरतं आणि शेवटी अतिवाहकता संपते. संपते म्हणजे नेमकं काय होतं? अतिवाहकता घडवणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या फुटतात, असं पुस्तकी उत्तर. २०११च्या प्रयोगांत बारीक सुईनं थर चाचपला, तर अतिशय विस्कटलेल्या थरांत रोध परतल्यावरही जोड्यांची खूण कायम होती. लेझीम प्रत्येकाच्या हातात, पण पथकाचा ताल सुटलेला.  खरी गंमत या ताल सुटण्यात आहे.

यावर शंका निघते: हा सगळा प्रताप मांडणीतल्या गोंधळाचाच असेल. म्हणून स्वच्छ स्फटिक हवा. प्रिन्स्टनमध्ये सानफेंग वू यांच्या गटानं टंगस्टन डायटेल्युराइडचा एकच थर घेऊन विद्युतदाबानं त्यातले इलेक्ट्रॉन कमी-जास्त केले. अतिवाहकता जिथं संपते त्या सीमेपलीकडेही थरथर मागे रेंगाळेल, असं प्रचलित सिद्धांत सांगतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत मात्र इलेक्ट्रॉनांची दाटी सीमेखाली जाताच तिची खूण एकाएकी नाहीशी झाली. गोंधळाला दोष देण्याची सोयही तिथं फारशी उरली नाही.