पाच मिनिटांची मोजणी

15 मार्च 2025. त्या सकाळी आठ ते आठ वाजून पाच मिनिटं या वेळात श्रीलंकेतल्या लोकांनी आपापल्या आवारातली माकडं मोजून कागदावर लिहायची होती. पिकांची नासधूस करणारे प्राणी किती, हे सरकारला एकदाचं कळायला हवं होतं. पाच मिनिटांत धड चहाही होत नाही, पण ते असो. दोनच वर्षांपूर्वी एक लाख माकडं चीनला धाडायची टूम निघाली होती आणि विरोध झाल्यावर बारगळली होती. त्यामुळे गावोगावी वाटत होतं, आकडा मोठा गेला तरच आपलं गाऱ्हाणं वर पोचेल.

पोळोन्नरुवाच्या कडेला एका म्हाताऱ्याची नारळाची बाग होती. कुंपणापलीकडे पराक्रमबाहूच्या राजधानीचे अवशेष, विटांचे पडके वाडे, त्यावर माजलेलं रान आणि त्या रानात रिळवे. हे रिळवे म्हणजे डोक्यावर केसांचा भोवरा असलेली तांबूस माकडं. म्हाताऱ्याला ती एकेक करून पाठ होती, कारण रोज तो त्यांना एकेकाला वेगळी शिवी देई. त्याची नात याच रानात माकडांच्या अभ्यासकांबरोबर काम करायची. तिथला अभ्यास 1968 पासून चालू आहे, आणि तिथे माकडं नुसती मोजत नाहीत. चेहऱ्यावरचे डाग, कानाची खाच बघून ओळखतात. आजोबा हेच काम बिनपगारी करतात, असं ती म्हणे.

मोजणी झाल्यावर तिघे शेजारी चहाच्या टपरीवर जमले. म्हाताऱ्याचे 22, डावीकडच्याचे 30, रस्त्यापलीकडच्याचे 40.

“म्हणजे 92,” डावीकडचा खुशीत म्हणाला. “आता तरी डोळे उघडतील त्यांचे.”

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. “तुझ्याकडे कान फाटलेली होती का रे, मल्ली?”

“होती की. पिल्लू पोटाशी.”

“आणि ओठ कापलेला हुप्प्या?”

“तो तर माझ्याकडे होता,” रस्त्यापलीकडचा म्हणाला. “कोवळे नारळ पाडत होता मेला.”

“आठ वाजता माझ्या माडावर होता तो. मग कुंपणावरून उडी मारून गेला.”

कुणी काही बोलेना. नात तिघांचे कागद शेजारी शेजारी मांडून बघत होती. “सीया,” ती आजोबांना म्हणाली, “ही एकच टोळी आहे. तिन्ही बागांतून चालत गेली. आणि यांनी वर थोडी भरही घातलीय.”

“मग काय झालं?” डावीकडचा उसळला. “माकडं कमी म्हणजे माझे नारळ कमी गेले का?”

प्रश्न खरा होता. एकाच टोळीने तिघांचं वाटोळं केलं तरी वाटोळं तिघांचंच. म्हातारा बराच वेळ विड्याचं पान चघळत राहिला.

“तीन टोळ्या असत्या तर मी हात टेकले असते,” तो म्हणाला. “एकच असेल तर ती निजते कुठे, सकाळी आधी जाते कुठे, ते बघता येईल.”

“निजते त्या पडक्या वाड्यामागच्या उंच झाडांवर,” नात म्हणाली. “आणि उजाडलं की आधी यात्रेकरूंच्या भोजनालयामागचा खड्डा. तिथला उरलेला भात गालाच्या पिशव्यांत कोंबायचा, मग नारळांकडे. तिथेही आधी थोरांचं. धाकट्यांच्या गालातलासुद्धा काढून घेतात. पण आयतं खाणं मिळतं म्हणून पिल्लं जगतात. दर वर्षी टोळी वाढणार.”

“तो खड्डा झाकायला कागद कशाला हवा?” रस्त्यापलीकडचा म्हणाला. “पत्रा आहे माझ्याकडे.”

“पत्रा ती उचलतात. वर दगड हवेत,” म्हातारा म्हणाला. “आणि भोजनालयवाल्याशी मी बोलतो. त्याची सासू माझ्या ओळखीची आहे.”

डावीकडच्याने आपला कागद पुढे ओढला, 30 खोडून 22 लिहिलं, मग तेही खोडून ‘शेजारच्या बागेत मोजली’ असं लिहिलं. तरी त्याचं समाधान होईना.

“आणि माझे नारळ? त्यांचा रकाना कुठाय यात?”

“नाहीये,” म्हातारा म्हणाला. “मागच्या बाजूला लिही. मोजून लिही मात्र.”