समुद्राचं सोंग

१८५८ च्या फेब्रुवारीत बर्टन आणि स्पीक हे शोधक प्रवासी आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराच्या काठी पोचले, तेव्हा स्पीकचे डोळे इतके आले होते की समोरचं पाणी त्याला धड दिसेना. तरी तिथले काही शंख त्याने जमवून नेले आणि त्यांनी पुढे विद्वानांची झोप उडवली. गोड्या पाण्यातल्या गोगलगायीचं कवच कसं, अंगठ्याखाली चुरा होईल असं. हे मात्र जाडजूड, कंगोरेदार, थेट समुद्रातले वाटावेत असे. मूर नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने दोन मोहिमा काढल्या आणि १९०३ मध्ये आख्खा ग्रंथ लिहून निकाल दिला, की हे सरोवर म्हणजे ज्युरासिक काळातल्या समुद्राचा मागे राहिलेला तुकडा.

चेहऱ्यावरून नातं ठरवायची आपली खोड जुनीच. मूर चुकला, पण त्याची चूक मला आवडते. डोळे उघडे ठेवून केलेली चूक आहे ती. सरोवर समुद्राला कधीच जोडलेलं नव्हतं. जमीन दुभंगून पडलेल्या भेगेत ते साठलं. जवळजवळ दीड किलोमीटर खोल, वय ९० लाख ते १ कोटी २० लाख वर्षं. मग गोगलगायींना हा दर्यावर्दी थाट कुठून आला?

खेकड्यांकडून. इथल्या प्लॅटीथेल्फुसा गटातली आर्माटा ही जात, नावाप्रमाणेच शस्त्रधारी. पाठ जेमतेम दोन इंच रुंद, पण एक नांगी अंगाच्या मानाने भलतीच दांडगी, आतून दाढांसारखी बोथट. शंख चिमटीत धरायचा आणि फोडायचा. नाही फुटला तर तोंडाची कड मोडत आत शिरायचं. यातून सुटलेली गोगलगाय मोडक्या कडेपासून पुन्हा कवच विणू लागते आणि सांध्याच्या जागी एक ओबडधोबड रेघ कायमची राहते. टांगानिकाच्या शंखांवर असे व्रण दिसतात. कवच जाड झालं की नांगी वाढायची, नांगी वाढली की कवच आणखी जाड. समुद्रात हेच घडलं होतं, म्हणून चेहरे जुळले.

आणखी एक गंमत. सरोवर म्हातारं असलं तरी हे खेकडे त्या मानाने कालचे. त्यांच्या जनुकांवरून बांधलेला अंदाज असा, की आजच्या नऊ-दहा जाती एकमेकींपासून फुटल्या त्या गेल्या तीसेक लाख वर्षांत. वाडा जुना म्हणून बिऱ्हाडंही जुनी असं धरून चालत नाही. खाली खोलवर प्राणवायूच नाही, तेव्हा हा सगळा संसार काठाच्या चिंचोळ्या पट्ट्यात. त्यातही वाटण्या झालेल्या. कॉन्कुल्काटा ही जात कपारीत सरकण्याइतकी चपटी; लॅटिनमध्ये या नावाचा अर्थच ‘तुडवलेला’.

समुद्रातले खेकडे आपल्या अळ्या लाटांवर सोडून मोकळे होतात, कुठे पोचतील तिथे. गोड्या पाण्यातल्या खेकडीला ती चैन नाही. कोकणात पावसाळ्यात वहाळातली खेकडी उलटी केली, तर कधी पोटाच्या झापेखाली मसुराएवढी पिल्लं वळवळताना दिसतात. डोळे, पाय, नांग्या सगळं जागच्या जागी. (एकदा हे पाहिलं की कालवणाची इच्छा निदान त्या दिवसापुरती तरी मरते.) टांगानिकाची खेकडीही हाच वसा चालवते. पिल्लं आईपासून फार लांब जात नाहीत. मधे वाळूचा एक पट्टा आला तरी पलीकडचा खडक परमुलूख होऊ शकतो आणि दुरावलेली भावकी पिढ्यांनी ओळखू येईनाशी होते.

एक लहानसं बिऱ्हाड मॅक्युलाटा या जातीचं. सरोवरात निओथॉमा नावाची थोराड गोगलगाय आहे. ती मेली की तिचे रिकामे शंख तळाशी पडून राहतात, काही ठिकाणी तर त्यांचा खचच. जन्मभर नांग्यांपासून जीव वाचवायला जे कवच विणलं, त्याच्याच वळणात हा नखभर खेकडा अंग आक्रसून बसलेला असतो.