सेवेचे मोल आणि सेवेकऱ्याची भाकरी



गेल्या वर्षी आमच्या गावच्या सप्ताहात प्रवचनाची सेवा माझ्याकडे होती. विषय पुंडलिकाचा. बोलता बोलता समोर बसलेल्या एका माउलीकडे लक्ष गेले. तिचा मुलगा तेवीस वर्षांचा आहे. जन्मापासून त्याला मान धरता येत नाही, घास भरवावा लागतो, रात्री दोनदा उठून कूस बदलावी लागते. तिच्याकडे हात करून मी म्हणालो, "ही खरी निष्काम सेवा. हिचे मोल पैशात होत नाही आणि करूही नये." लोकांनी माना डोलावल्या. मलाही बरे वाटले.

तिसऱ्या दिवशी पोराजवळ शेजारणीला बसवून ती माझ्या घरी आली. म्हणाली, "बुवा, तुमचं बोलणं ऐकून रडू आलं. पण घरी मालक म्हणाले, आता अनुदानाचा अर्ज भरायचा नाही. बुवांनीच सांगितलंय. लोक म्हणतील, पोराच्या नावावर पैसे खाते. आता तुम्हीच सांगा, त्याच्या औषधाला पैसा कुठून आणू? मी मजुरीला गेले तर त्याच्यापाशी कोण?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. माझ्या एका गोड वाक्याने तिच्या घरातला घास अडवला होता.

सज्जनहो, प्रश्न खरा आहे. सेवेसाठी पैसा घेतला तर सेवा बाटते का? आपल्या संप्रदायात कीर्तनाचे मोल ठरवणे निषिद्ध मानले आहे, ते उगीच नाही. जिथे बिदागीची बोली होते तिथे देव मागे पडतो. मग आईने लेकरू सांभाळण्यासाठी हात पुढे करावा का?

उत्तर मला वारीच्या वाटेवर सापडले. दिंडी गावात येते तेव्हा गावकरी पिठले-भाकरी वाढतात, पाय चेपतात, निवाऱ्याला ओसरी मोकळी करतात. त्या भाकरीने वारकऱ्याची वारी विकत घेतली, असे कोणी म्हणते का? वारकरी भाकरीसाठी चालत नाही, पण भाकरीवाचून चालूही शकत नाही. मोल वेगळे आणि आधार वेगळा. मोल थांबले की काम थांबते. आधार थांबला तरी काम चालू राहते, फक्त करणारा झिजतो. त्या माउलीला तेवीस वर्षे कोणी एक पैसा दिला नाही म्हणून तिने पोराला खाली ठेवले नाही. मग उद्या मिळालेला पैसा तिची मजुरी कसा ठरेल?

कोणी म्हणेल, अशाने पैसा घेऊन हेळसांड करणारेही निघतील. निघतील. न चालता पंगतीला बसणारेही असतातच, म्हणून आपण पंगत मोडत नाही. चौकशी जरूर व्हावी, पण तिच्यापायी खऱ्याची उपासमार होऊ नये.

आपल्याकडे याची दखल अगदीच घेतली गेली नाही असे नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दरमहा मदत मिळते. २०२३ मध्ये हजाराचे दीड हजार झाले, पुढे दिव्यांगांसाठी ती रक्कम आणखी वाढली. पण ही मदत दिव्यांगाच्या नावाने आहे. त्याच्या उशाशी जागणाऱ्या हातांची त्यात नोंद नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मात्र, ज्यांना फार मोठ्या आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख स्पष्ट आहे. केरळात अंथरुणाला खिळलेल्यांची घरी शुश्रूषा करणाऱ्यांसाठी 'आश्वासकिरणम्' योजना झाली. तिची रक्कम महिना ६०० रुपये. रक्कम लहान, पण ती करणाऱ्याच्या नावाने आहे.

ब्रिटनमध्ये असा भत्ता १९७६ मध्येच सुरू झाला. त्यातून विवाहित स्त्रियांना मात्र वगळले होते. कारण काय, तर त्या घरीच असणार! जॅकलिन ड्रेक नावाच्या विवाहित बाईंनी आजारी आईसाठी नोकरी सोडली आणि हा अन्याय युरोपच्या न्यायालयापर्यंत नेला. १९८६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. हे वाचले तेव्हा मला माझेच प्रवचन आठवले. "घरचीच आहे, करणारच" हा त्यांचा विचार आणि "अमूल्य सेवा" हा माझा गौरव, दोन्हींचा हिशेब एकच. तोंडाने अमोल म्हणायचे आणि मनात फुकट समजायचे.

पुंडलिकाची कथा आपण शेकडो वेळा ऐकली. देव दारी आला, पुंडलिक आईबापांच्या सेवेतून उठला नाही, वीट पुढे सरकवली आणि देव तिच्यावर उभा राहिला. त्या घरी चूल कशावर पेटत होती, हे आपण कधी विचारले नाही. मीही विचारले नव्हते. देवाने सेवेकऱ्याला उठवले नाही. सेवा चालू राहावी म्हणून स्वतः थांबला. ज्याच्यासाठी देव थांबतो, त्याच्यासाठी गावाने आणि सरकारने दोन पावले चालू नयेत का?

काल्याच्या आधी, त्याच जागी बसून मी माझे वाक्य मागे घेतले. तिचे मालक समोरच होते. पुढच्या आठवड्यात आम्ही तिघे तहसील कचेरीत गेलो. अर्ज दिला आहे, उत्तर यायचे आहे. तोवर भजनी मंडळातल्या दोघी जणी आळीपाळीने दुपारचे दोन तास मुलाजवळ बसतात. पहिल्या दिवशी ती माउली कुठे गेली असेल? कुठेच नाही. ती झोपली.

तुमच्या गावातही असे एखादे घर असेल. तिथे जाऊन पाया पडण्याआधी विचारा, कागद अडला आहे का, रात्री जागायला कोणी हवे आहे का. नमस्कार मागाहून केला तरी चालेल.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.