आपण दिलेलं इंधन

आजचं चिंतन : गीता, अध्याय १७, श्लोक २०.

सात्त्विक दान कोणतं, ते भगवंत इथे सांगतात. परतफेडीची आशा न ठेवता, द्यायला हवं म्हणून, योग्य जागी, योग्य वेळी, पात्र माणसाला दिलेलं. हे वाचताना मला हवेत इंधन देणारी लष्करी टँकर विमानं आठवतात.

अमेरिकेच्या केसी-१३५ टँकरमध्ये शेपटीकडे एक जण पालथा पडून खिडकीतून बघत असतो. तो बूम ऑपरेटर. खालून लढाऊ विमान इतकं जवळ येतं की वैमानिकाचं हेल्मेट दिसतं. हा अलगद नळी जोडतो, इंधन देतो आणि ते विमान निघून जातं. जागा ठरलेली, वेळ ठरलेली. मग हे सात्त्विक दान झालं का?

याहून अवघड उदाहरण घेऊ. १९८२, फॉकलंड युद्ध. असेन्शन बेटावरून ब्रिटनचं व्हल्कन बॉम्बर पोर्ट स्टॅन्लीच्या धावपट्टीवर हल्ला करायला निघालं. या मोहिमेसाठी ११ व्हिक्टर टँकर उडाले. हल्ल्याआधीचं शेवटचं इंधन दिलं बॉब टक्सफर्ड यांच्या टँकरने. इतकं दिलं, की स्वतःला बेटावर परतण्यापुरतंही उरलं नाही. मदत मागावी तर रेडिओवर बोलावं लागणार आणि हल्ल्याचा सुगावा लागणार. म्हणून हल्ला होईपर्यंत ते गप्प राहिले. नंतर दुसऱ्या टँकरने येऊन त्यांना इंधन दिलं.

त्याग बघून मान झुकते. पण त्याच इंधनावर व्हल्कनने २१ बॉम्ब टाकले, हेही खरं. "मी फक्त इंधन दिलं" एवढं म्हणून देणारा मोकळा होतो का? मला नाही वाटत. श्लोकातला 'पात्र' हा शब्द त्यासाठीच आहे. कुणाला देतोय आणि तो त्याचं काय करणार, हे बघणं दानातच येतं.

मग निष्काम कर्माचं काय? फळाची हाव सोडायची. फळाकडे पाठ फिरवायची असं नाही. अर्जुनाला लढ म्हणण्याआधी भगवंतांनी त्याचा रथ दोन्ही सैन्यांच्या मधोमध उभा केला. समोर कोण आहे ते आधी नीट बघायला लावलं.

आपणही रोज कुणाला तरी इंधन देतो. ऑफिसात लिहिलेला कोड, देणगी, पुढे ढकललेला मेसेज, मित्राची घेतलेली बाजू. आज देण्यापूर्वी एकदा खिडकीतून बघूया. आणि बघूनही द्यावंसं वाटलं, तर मात्र हात आखडता घ्यायचा नाही.

श्रीकृष्णार्पणमस्तु.